गप्प बसल्याचा तुकडा

"मान उशिरा हलतेय, बाई. जरा आधी हलवा," साहेब मागून म्हणाले.

कात्रीबाईने तुकडा मागे नेला आणि साहेबांची मान पुन्हा एकदा हलवून पाहिली. पडद्यावर पंधरा वर्षांपूर्वीचे साहेब होते. दाट केस, कपाळावर एकच पण नेमकी आठी, आणि समोरच्याचं दुःख ऐकून हळूहळू खाली जाणारी हनुवटी. समोर कोणीच नव्हतं. ही मान हलली तेव्हा खोलीत एक रिकामी खुर्ची होती, एक दिवा होता आणि चहाचे कप गोळा करणारा शिपाई होता.

"ही दुःखाची मान आहे," ती म्हणाली. "इथे तुम्हाला अविश्वासाची हवी."

"तीच ती. अविश्वासाची लावा."

तिने अविश्वासाची लावली. साहेबांच्या माना तिने नावं घालून वेगळ्या जपून ठेवल्या होत्या. दुःखाची, अविश्वासाची, विचारमग्न, आणि चौथी 'मंत्री असल्यास'. चौथीत मान हलता हलता थोडी वाकायचीसुद्धा. एकदा घाईघाईत निळ्या टायच्या मुलाखतीला तिने तपकिरी टायची मान जोडली होती. एवढ्या मोठ्या देशातून फक्त एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं. त्याला साहेबांच्या सहीने आभाराचं उत्तर गेलं, पण टायबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

आता ही मानांची भानगड काय, ते सांगायला हवं. सरकारी वाहिनीच्या त्या केंद्रात मुलाखतीला एकच कॅमेरा मिळायचा. तो पाहुण्यावर रोखायचा, पाहुणा बोलून उठून जायचा, मग कॅमेरा फिरवून साहेबांवर लावायचा. साहेब मगाचेच प्रश्न रिकाम्या खुर्चीला पुन्हा विचारायचे आणि चारदा मान हलवायचे. पुढे एडिटिंगच्या खोलीत कात्रीबाई हे सगळं असं जोडायची की बघणाऱ्याला वाटावं, दोघं समोरासमोर भांडतायत. यात पाप काही नाही. जगभर असंच करतात. अट एवढीच, की प्रश्न तोच विचारायचा आणि होता तसाच विचारायचा.

साहेबांची गोची इथेच होती. पाहुणा समोर असला की साहेबांच्या तोंडून लोणी पाझरायचं. "आपल्याला त्रास तर नाही ना होत?" "आपलं काय म्हणणं पडतं यावर?" पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली, की मग यांच्या अंगात वारं शिरायचं. बाह्या सरसावून, पुढे वाकून, खुर्चीच्या पाठीला असे काही प्रश्न विचारायचे की खुर्चीने राजीनामाच द्यावा! वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव 'तोफ' ठेवलं होतं. ही तोफ कधी आणि कुणावर डागली जाते, ते कात्रीबाईला ठाऊक होतं आणि त्या शिपायाला. शिपाई निवृत्त होऊन गेला. उरली ती एकटी.

घरी तर आणखी मजा. सासूबाई साहेबांची एकही मुलाखत चुकवायच्या नाहीत. "काय बाई धारेवर धरतो एकेकाला! नाहीतर आपल्या घरातले. कुणी काही विचारलं की बसले मूग गिळून." कात्रीबाई मुकाट्याने ताटं उचलायची. अहो, तो माणूस पाणी मागतानासुद्धा तीनदा 'सॉरी' म्हणतो, असं सांगावंसं तिला फार वाटायचं. पण सांगितलं असतं तर सासूबाईंनी तिलाच मत्सरी ठरवलं असतं. त्यात अगदीच खोटं होतं असंही नाही.

साहेब महिनाअखेरीस निवृत्त होत होते आणि शुक्रवारी आठ वाजता त्यांच्यावर दीड तासाचा गौरवाचा कार्यक्रम होता. तो कापायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. कार्यक्रमाची सुरुवात कशाने करायची यावर चर्चाच झाली नाही. सुरुवात अर्थात पुलाने.

बावीस वर्षांपूर्वी नदीवरचा पायी जायचा झुलता पूल भर सकाळी तुटला आणि एकोणीस माणसं गेली. पुलाची देखरेख ज्याच्याकडे होती त्या इंजिनिअरला साहेबांनी चौथ्या दिवशी समोर बसवलं. 'पूल कच्चा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. हो की नाही?' साहेबांनी विचारलं, आणि इंजिनिअर गप्प बसला. डोळे खाली, ओठ घट्ट, नऊ सेकंद. टीव्हीवर नऊ सेकंद म्हणजे फार झाले. त्या नऊ सेकंदांत देशाने निकाल देऊन टाकला. इंजिनिअरची नोकरी गेली, साहेबांना मानचिन्ह मिळालं. तेव्हापासून शाळेत एखादं पोर उत्तर न देता उभं राहिलं की मास्तर म्हणतात, "इंजिनिअर होऊन उभा राहू नकोस, बोल!" साहेबांना याचा कोण अभिमान!

आत्ताही कुठल्याशा वर्तमानपत्राचा फोन आला, तर साहेब खिडकीशी जाऊन तेच सांगायला लागले.

"अहो, तो प्रश्न ठरवलेला नव्हता. तिथेच सुचला. समोर माणूस बसलाय, मी त्याच्या डोळ्यांत बघतोय, आणि आतून आलं बघा. हो की नाही? बस्स. आतून यावं लागतं."

कात्रीबाईने नाकातून हवा सोडली. आतून म्हणे! तो प्रश्न आला तेव्हा इंजिनिअर बसने घरी पोहोचलासुद्धा असेल. तिला ती दुपार पक्की आठवत होती. रिकामी खुर्ची, साहेबांच्या गालावरची पावडर, आणि तोच प्रश्न पाच वेळा, दर वेळी आधीपेक्षा जोरात. इंजिनिअरला खरं काय विचारलं होतं आणि तो कशावर गप्प बसला होता, हे ज्या टेपमध्ये होतं ती टेप जगाच्या हिशेबी केव्हाच पुसली गेली होती. जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, हा केंद्राचा नियम. पण ती टेप कात्रीबाईच्या कपाटात तळाशी होती. वर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती : 'रंगपट्ट्या. तपासणीसाठी. पुसू नये.' पडद्याचे रंग जुळवायच्या टेपेला कोण हात लावतंय!

कधीतरी कामाला येईल म्हणून तिने ती ठेवली होती. पुन्हा लावून मात्र एकदाही पाहिली नव्हती. कशाला पाहायची? सगळं तोंडपाठ होतं. साहेब मानचिन्ह घेऊन मिरवायला लागले की ती मनातल्या मनात कपाटाच्या तळाकडे बघायची, आणि तिचा तो दिवस बरा जायचा. बावीस वर्षं तिने या माणसाची मनसोक्त किळस केली, आणि ती तिला मानवलीही होती.

टेबलावरचा फोन वाजला. खालच्या स्वागतकक्षातली बाई होती.

"ताई, एक मुलगी सकाळपासून बसून आहे. जातच नाही. त्या पुलाच्या इंजिनिअरची मुलगी आहे म्हणते. साहेबांना भेटायचंय."

कात्रीबाईने निरोप होता तसाच सांगितला. तोफेची पाचावर धारण बसली. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग कोट शोधला. तो त्यांच्या अंगातच होता.

"मला नेमकं दंतवैद्याकडे जायचंय. वेळ घेतलेली आहे हो. तुम्हीच बघा ना, बाई. तुम्हाला जमतं असलं. काहीतरी सांगून वाटेला लावा."

"काय सांगू?"

"सांगा काहीही. भावना समजतो म्हणावं." आणि दारातून मागे वळून, "तो तुकडा मात्र कमी करू नका हां. नऊच्या नऊ सेकंद राहू दे," असं म्हणून ते मागच्या जिन्याने शेपूट घालून गेले. पुढच्या जिन्याने गेले असते तर ती मुलगी दिसली असती ना.

खाली भेटीच्या खोलीत ती मुलगी बसली होती. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर पाकीट, पाकिटावर दोन्ही हात. शाळेत शिकवते म्हणाली. रजा काढून आली होती.

"अर्ज आणलाय," ती म्हणाली. "शुक्रवारच्या जाहिरातीत बाबांना दाखवताय तुम्ही. दिवसातून सहा वेळा. ते बंद करा एवढंच म्हणणं आहे. बाबा अजून आहेत, मॅडम. लोकांना वाटतं ते गेले असतील. पण ते आहेत."

"चौकशीत तर त्यांचा दोष निघाला नव्हता," कात्रीबाई म्हणाली.

"तीन वर्षांनी निघाला अहवाल. तारा बनवणाऱ्याची चूक होती. तुमच्याकडे ती बातमी चाळीस सेकंद होती, हवामानाच्या आधी." ती हे रागाने म्हणाली नाही. वर्गात सनावळी सांगावी तसं सांगितलं. "गेल्या महिन्यात आमच्या शाळेतले एक सर माझ्यादेखत एका मुलाला म्हणाले, इंजिनिअर होऊन उभा राहू नकोस. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. मी हसले. म्हणजे सगळे हसले, म्हणून मीही."

कात्रीबाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. मुलीने तो घेतला नाही.

"बाबा एकच सांगायचे. मला तो प्रश्न विचारलाच नाही, म्हणायचे. आईला सांगायचे, आजीला सांगायचे, येईल जाईल त्याला सांगायचे. मग हळूहळू सांगायचे बंद झाले."

"तुला खरं वाटायचं?"

मुलीने पाकिटाची कड सरळ केली.

"नाही," ती म्हणाली. "अख्ख्या जगाने पाहिलं होतं ना. मीही पाहिलं होतं. नऊ वर्षांची होते मी. बाबा खोटं बोलतात असं समजूनच मोठी झाले."

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा असला बुळबुळीत माणूस! दंतवैद्याकडे जातो! याच्या एका दिखाऊ प्रश्नापायी एका मुलीने बापाला बावीस वर्षं खोटारडा समजावं, आणि याने मानचिन्हं पुसून शोकेसमध्ये लावावीत! आणि त्या रागाच्या खाली, लपवण्यात अर्थ नाही, तिला आनंदही झाला. कपाटाच्या तळाशी ठेवलेली गोष्ट कामाला यायची वेळ आली होती.

"तुझे बाबा खरं सांगत होते," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर. दाखवते."

जुन्या टेपा चालतील असं एकच यंत्र आता केंद्रात उरलं होतं, तळघरातल्या खोलीत. कात्रीबाईने टेप आणली, चिठ्ठीवरची धूळ पदराने पुसली, मुलीला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. यंत्राने टेप गिळली, दोनदा खाकरलं. पडद्यावर आधी करडे पट्टे आले आणि मग एक चाळिशीचा माणूस. इस्त्री नसलेला सदरा, डोळ्यांखाली काळं. मुलगी खुर्चीत पुढे सरकली.

"किती बारीक होते बाबा," ती म्हणाली.

कॅमेऱ्याबाहेरून साहेबांचा आवाज येत होता, साखरेत घोळलेला. 'आपली प्रकृती कशी आहे? आपल्यावर काय गुजरत असेल, आम्ही समजू शकतो.' इंजिनिअर सांगत होता. दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायची, मार्चमध्ये झाली होती, तेव्हा सगळं ठीक होतं. एकेक गोष्ट तो बोटांवर मोजून सांगत होता.

'आपण स्वतः जायचात का हो त्या पुलावरून?' साहेबांनी विचारलं.

इंजिनिअर गप्प झाला. डोळे खाली गेले, ओठ मिटले. तेच नऊ सेकंद. देशाने शेकडो वेळा पाहिलेले. कात्रीबाईने पडद्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. आणि मग इंजिनिअरने मान वर केली. हे देशाने कधीच पाहिलं नव्हतं.

'रोज जायचो,' तो म्हणाला. 'मुलीला शाळेत सोडायला. तिचा हात धरून. मला जरा जरी शंका आली असती, तर तिला नेलं असतं का हो मी तिथून?'

मुलीने डाव्या हाताने उजवा हात धरला. मग म्हणाली, "चॉकलेटी पट्ट्यांचं दप्तर होतं माझं. पुलावर बाबा ते घ्यायचे. म्हणायचे, इथे दोन्ही हात मोकळे ठेव."

तिचं नाक लाल झालं होतं. कात्रीबाईलाही भरून आलं.

"थांबवता का, मॅडम? मला फोनवर घ्यायचंय हे. बाबांना दाखवायला."

इथे टेप थांबवली असती तर काम झालं होतं. मुलीला बाप परत मिळाला होता. पण कात्रीबाईचं अजून झालं नव्हतं. साहेबांची फजिती पुढे होती आणि तिला ती कुणाला तरी दाखवायचीच होती.

"थांब, पुढे बघ. खरा तमाशा आता आहे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना कोणी फसवलं ते बघून घे डोळ्यांनी. पाहुणा गेल्यावर हा माणूस रिकाम्या खुर्चीला कसा डरकाळ्या फोडतो ते बघ. आणि शुक्रवारी हे सगळं लागणार. त्या कार्यक्रमात काय ठेवायचं ते माझ्या हातात आहे. प्रसारणाआधी साहेब काही बघत नाहीत, त्यांना फक्त स्वतःची मान बघायची असते. हे सगळंच्या सगळं लावते. एक सेकंद कापणार नाही. शब्द देते तुला."

मुलीने तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला.

पडद्यावर इंजिनिअर उठला. कोणीतरी त्याच्या सदऱ्यावरचा माइक काढला. 'काही चुकीचं बोललो असेन तर सांभाळून घ्या,' असं हात जोडून म्हणाला आणि चौकटीबाहेर गेला. चित्र हललं, कॅमेरा फिरला. साहेब आले, गालावर पावडरचे दोन चट्टे. पुढे पाहुण्याच्या खुर्चीची पाठ.

खुर्ची रिकामी नव्हती.

खुर्चीच्या पाठीवरून एक खांदा दिसत होता, पिवळ्या स्वेटरमधला, आणि वर पेन्सिल खोवलेला अंबाडा. त्या काळी कधीकधी साहेबांना नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून पाहुण्याच्या जागी कोणीतरी बसायचं. कोण बसायचं? जे मोकळं असेल ते. कात्रीबाईने तो स्वेटर ओळखला. आईने विणून दिला होता, नोकरीला लागली तेव्हा.

'काय काय लागेल?' पडद्यावर साहेबांनी विचारलं.

'बाकीचे तसेच विचारा,' पिवळा स्वेटर म्हणाला. तरणा, हसरा, भराभर बोलणारा आवाज. 'तेवढा पुलावरून जाण्याचा सोडा. साहेब, गप्प बसल्याचा तुकडा इतका छान आलाय! असा आयुष्यात एकदा मिळतो. त्याच्यापुढे काहीतरी दणदणीत हवं.'

'म्हणजे कसं?'

'म्हणजे... पूल कच्चा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. हो की नाही? असं.'

साहेबांनी टाय चाचपला. 'पण हे मी त्यांना विचारलं नाहीये.'

'कोणाला कळतंय?'

'आणि ते मुलीचं बोलले, त्याचं काय करायचं?'

'ते मी काढते ना.'

तळघरात कात्रीबाईचा हात अजून मुलीच्या हातात होता.

साहेबांनी प्रश्न विचारला, पडेल आवाजात. 'असं नाही हो,' स्वेटर म्हणाला. साहेबांनी पुन्हा विचारला. 'अं हं. जरा पुढे वाका. मी तो आहे असं समजा. धरा मला धारेवर!' तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पाचव्यांदा साहेबांचा आवाज खोलीत घुमला. तेव्हा पिवळ्या स्वेटरने दोन टाळ्या वाजवल्या आणि ती खळखळून हसली. 'अस्सं! बघा साहेब, उद्या तुम्ही कुठे असाल!'

टेप संपली. करडे पट्टे आले.

मुलीचा हात केव्हा सुटला, ते कात्रीबाईला कळलं नाही.

"ह्या बाई कोण?" मुलीने विचारलं.

तिने अगदी साधंच विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं. गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी काय काय घालता येतं, ते कात्रीबाईइतकं कोणाला माहीत असणार?

"मी," ती लगेच म्हणाली.

तीस वर्षांची होते, असं सांगावंसं तिला वाटलं. पहिलीच मोठी मुलाखत हाती आली होती, माझं नाव शेवटी दोन सेकंद येऊन जायचं, कोणी वाचायचंसुद्धा नाही, असंही. आणि हे सगळं मी विसरले होते, शपथेवर विसरले होते, असं तर फारच सांगावंसं वाटलं. तिने यातलं काहीही सांगितलं नाही.

मुलगी आरडाओरडा करील, असं तिला वाटलं होतं. मुलीने अर्जाचं पाकीट पिशवीत नीट ठेवलं. पिशवी खांद्याला लावली. मग तिने कात्रीबाईकडे पाहिलं. रागावून नाही, तर माशी पडलेल्या पाण्याच्या पेल्याकडे बघावं, तसं. अशा नजरेने साहेबांकडे बघणं कात्रीबाईला चांगलं जमायचं. तिच्याकडे असं कोणी बघितलेलं मात्र हे पहिल्यांदाच.

"एक सेकंद कापणार नाही म्हणालात," मुलगी म्हणाली.

"हो."

"शुक्रवारी बाबांना घेऊन बसते मग. आमच्याकडे टीव्ही नाही, बाबांनी ठेवला नाही. शेजाऱ्यांकडे बसू." दाराशी पोहोचल्यावर ती म्हणाली, "फोनवर नको घ्यायला. तिथेच बघू आम्ही, पूर्ण."

ती गेली. निरोप घेतला नाही, आणि दारही लावलं नाही.

टेप मागे नेऊन यंत्रातच ठेवून कात्रीबाई वर आली. साहेब परतले होते आणि तिच्याच खुर्चीत बसून बिस्कीट खात होते. दंतवैद्याने बिस्किटाला परवानगी दिली असावी.

"गेली का ब्याद?"

"गेली."

"काय म्हणणं होतं?"

"तुकडा मोठा करून हवाय तिला."

"मोठा?" साहेबांना आधी कळेना. मग चेहरा खुलला. "बघा! म्हणजे आता त्यांनाही पटलंय. काळ गेला की माणसाला सत्य पचतं, बाई. करा ना मोठा. किती मोठा करताय?"

"सगळाच."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं." त्यांनी तिला खुर्ची दिली आणि सवयीने मागे उभे राहिले. "तो प्रश्न आतून आला होता, तुम्हाला आठवतं? तुम्ही होतात ना तिथे?"

"होते," ती म्हणाली.

तळघरातल्या यंत्राची तार वरच्या खोलीत जोडलेली होती. टेप उतरवून घ्यायला तिने सुरुवात केली. इंजिनिअर आला. नऊ सेकंद आले आणि गेले. 'तिचा हात धरून.' साहेबांचं चघळणं थांबलं. 'तिला नेलं असतं का हो मी तिथून?' इथे कापलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. कुठल्याही चांगल्या एडिटरने इथेच कापलं असतं. इंजिनिअर सुटला असता, मुलगीही हळूहळू निवळली असती, आणि घरी सासूबाईंनी शुक्रवारसाठी शेजारणींना बोलावून ठेवलं होतं. साहेबांचं ढोंग तेवढं झाकलेलं राहिलं असतं. ते उघडं करायचं तर पुढे जावं लागणार होतं, आणि पुढे ती खुर्ची होती.

तिचं बोट थांबवायच्या कळीवर होतं. बावीस वर्षांत ते एक सेकंदसुद्धा चुकलं नव्हतं. कॅमेरा फिरला. पिवळा खांदा आला.

"बाई, हे काय लावलंय?" साहेब म्हणाले.

'साहेब, गप्प बसल्याचा तुकडा इतका छान आलाय,' पडद्यातून ती हसत म्हणाली.

कात्रीबाईने बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागे साहेबांची मान हलली असावी. कुठली, ते तिने वळून पाहिलं नाही.